अनुभव धागा: सीओईपी की व्हीजेटीआय?

भाचीचा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागल्यापासून विकल्प अर्जात (महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहायच्या अर्जात) पुण्याचे सीओईपी वर ठेवायचे की मुंबईचे व्हीजेटीआय, एवढीच चर्चा आमच्या घरात चालू आहे, आणि तिचे प्रश्न ऐकताना मला 2007 चा पावसाळा आठवतो आहे. तेव्हा कराडला आमच्याकडे हाच वाद रंगला होता. पुण्याची संस्था, सीओईपी, 1854 ची; मुंबईत माटुंग्याला असलेली व्हीजेटीआय 1887 ची. दोन्हींची नावे ऐकताच नातेवाईक सारख्याच आदराने बोलत, त्यामुळे प्रतिष्ठेच्या आधारावर काही ठरणे शक्यच नव्हते. मला स्थापत्य अभियांत्रिकी घ्यायची होती आणि कोयनेच्या खोऱ्यात वाढल्यामुळे धरणांचे आकर्षण होते. ज्या महाविद्यालयातून विश्वेश्वरय्या शिकून गेले, त्याच्या जवळच खडकवासला आहे, तिथे त्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये बसवले गेले, आणि तिथेच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास केला जातो, हे शाळेतल्या सरांनी सांगितले होते. मी पुणे निवडले ते त्या प्रतिकृतींसाठी, आणि पुढे त्या प्रत्यक्ष पाहिल्या तेव्हा द्रवगतिशास्त्राचे पुस्तक मला पहिल्यांदा नीट समजले. माझे मत असे झाले आहे की दोन तुल्यबळ संस्थांमध्ये निवड करताना संस्थेच्या भिंतीबाहेर, त्या शहरात, आपल्या शाखेचे काय आहे हे पाहावे. आपण कसे ठरवले, ते कृपया लिहावे.

गिरणगावकर
आमच्याकडे शहराचा विचार वेगळ्या कारणाने झाला. वडिलांची गिरणी बंद पडलेली होती, घर लालबागला, आणि पुण्याला जायचे म्हणजे वसतिगृह, मेस आणि प्रवास असा खर्च दरमहा उभा करावा लागणार होता. मी व्हीजेटीआयचे वस्त्रतंत्रज्ञान पहिल्या क्रमांकावर लिहिले तेव्हा शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढले, कारण ज्या धंद्याने आमच्या चाळीची ही अवस्था केली त्याच धंद्याचे शिक्षण मुलगा का घेतो, हे त्यांना समजत नव्हते. वडिलांना मात्र समजले. ते साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, होते. मी धाग्याच्या पिळाविषयी किंवा ताण्याच्या ताणाविषयी वाचत असलो की ते शेजारी बसत आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टी सांगत. घरी राहिल्यामुळे संध्याकाळी शिकवण्या घेता आल्या आणि त्यातून पुस्तकांचा खर्च निघाला. पुण्याला गेलो असतो तर उत्तम यंत्र अभियंता झालो असतो, असे अनेकांनी सांगितले आहे. ते खरेही असेल, पण वडिलांबरोबरच्या त्या संध्याकाळी मला दुसरीकडे मिळाल्या नसत्या.

धातुकाम
गिरणगावकर, आपला प्रतिसाद दोनदा वाचला.
माझा प्रश्न शाखेनेच सोडवला. वस्त्रतंत्रज्ञान जसे सीओईपीत नाही, तसे धातुशास्त्राच्या पदवीसाठी मला माटुंग्याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. पुण्याच्या आसपास फोर्जिंगचे आणि ओतकामाचे कारखाने असल्याने भट्टीसमोर उभे राहून शिकता आले. ज्यांना शाखा मनापासून ठाऊक आहे त्यांचा अर्ज लवकर भरून होतो. ज्यांना नाही, त्यांनी संस्थेच्या नावावर वाद घालण्यापेक्षा चार शाखांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचावेत.

एक पालक, नांदेड
मुलीची आई म्हणून लिहिते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासन भरते, त्यामुळे फीच्या फरकावर आमची निवड अडली नाही. अडली ती राहण्यावर. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालेच असे नसते, आणि खोली भाड्याने घ्यायची झाल्यास माटुंगा-दादर भागातले भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते. आम्ही पुणे वर लिहिले. आता ती संगमाजवळच्या बोट क्लबवर वल्ही मारायला जाते आणि रेगाटाची, म्हणजे तिथल्या नौकानयन महोत्सवाची, तयारी फोनवर सविस्तर सांगते. नदीला पाणी पाहून मला काळजी वाटते, तरी तिचा आवाज ऐकून बरे वाटते.

माटुंगा पूर्व
ताई, काळजी स्वाभाविक आहे, पण तिथे शिकवणारे ज्येष्ठ विद्यार्थी फार जबाबदारीने शिकवतात, असे माझ्या चुलतभावाने सांगितले आहे.
धाग्याच्या विषयाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट लिहितो. पुष्कळांना वाटते की दोन्हीकडच्या जागा हाती येतील आणि मग शांतपणे निवडू. तसे घडत नाही. केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत एका वेळी एकच जागा मिळते आणि पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर पुढच्या फेऱ्यांत तो बदलता येत नाही, त्यामुळे खरा निर्णय अर्जातला क्रम लिहितानाच होतो. मागच्या वर्षी कोणती शाखा किती गुणांवर बंद झाली यावरून क्रम लावू नये. आपल्याला जे अधिक हवे ते वर लिहावे.

राईनकाठ
सीओईपी 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि व्हीजेटीआय स्वायत्त असूनही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे परदेशात फरक पडेल का, असे मला वारंवार विचारले जाते. मी व्हीजेटीआयची आहे. जर्मनीत पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी माझ्याकडून विषयांची यादी, श्रेयांक आणि गुण मागितले गेले; पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे यावर एकही प्रश्न आला नाही. तिथे माझ्या वर्गात असलेली सीओईपीची मैत्रीणही हेच सांगेल.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. भाचीने सगळे प्रतिसाद वाचले आणि तिचा कल उपकरणशास्त्राकडे (इन्स्ट्रुमेंटेशनकडे) असल्याचे काल पहिल्यांदा स्पष्ट सांगितले. धातुकाम, आपल्या ओळखीत त्या शाखेत सध्या शिकणारे कोणी असेल तर तिला त्यांच्याशी बोलायचे आहे. नांदेडच्या ताई, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राला आपल्याकडे किती दिवस लागले? आमचा अर्ज तहसीलला दिलेला आहे.

एक पालक, नांदेड
आम्ही निकालाआधीच काढून ठेवले होते, म्हणून धावपळ झाली नाही. पावती जपून ठेवा आणि स्वतः जाऊन चौकशी करा.