काळ्या गाडीसाठी फोम पॅड कोणते घ्यावेत? (सल्ला हवा)

लांबपल्ला

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे आठ वर्षं जुनी काळी सेडान आहे. ऊन पडलं की बॉनेटवर आणि दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. कित्येक वर्षं मी कोरड्या फडक्यानं धूळ पुसत आलो, त्याचा हा परिणाम असणार. खोल ओरखडे फारसे नाहीत.

आता पॉलिश करून या रेघा स्वतःच्या हातानं काढायचं मनावर घेतलंय. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन (पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय छोट्या वर्तुळात डोलतोही) घेतलं आहे, १५ मिमी थ्रोचं (म्हणजे त्या डोलण्याच्या वर्तुळाची रुंदी), ५ इंची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटतो ती चकती) असलेलं. त्यासोबत एकच पिवळा पॅड आला. एका व्हिडिओत पिवळा पॅड अगदी शेवटच्या फिनिशिंगला वापरलेला पाहिला होता, म्हणून तो मऊ असेल असं समजून बॉनेटच्या एका कोपऱ्यात कंपाउंड (जाडसर, जास्त घासणारं पॉलिश) लावून चालवला. जाळं बरंच कमी झालं, पण त्या जागी दुधाळ धूसरपणा आला. बाकी बॉनेटला हात लावायचा आता धीर होत नाही.

पॅड नेमके कोणते घ्यावेत, किती घ्यावेत, आणि तो धूसरपणा जाईल की रंग कायमचा बिघडला?

---

पॉलिशवाला

रंग बिघडलेला नाही, आधी ती काळजी सोडा. कडक पॅड आणि कंपाउंड ही जोडी जुन्या रेघा काढते, पण जाताना स्वतःच्या अतिशय बारीक रेघा मागे ठेवून जाते. काळ्या रंगावर त्या सगळ्या मिळून धुक्यासारख्या दिसतात. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा एक हात फिरवला की सहसा निघून जातात.

घोळ झाला तो पिवळ्या रंगामुळे. पॅडच्या रंगाचा सगळ्या कंपन्यांना लागू असा काही नियम नाही. रूपेस कंपनीच्या फोम पॅडमध्ये निळा सगळ्यात जाड कापणारा (म्हणजे वरचा थर घासून काढणारा), मग हिरवा, मग पिवळा बारीक कामाचा आणि पांढरा अतिबारीक. लेक कंट्री कंपनीच्या जुन्या रंगक्रमात मात्र पिवळा हाच कडक, कापणारा पॅड. नारिंगी त्याहून हलका, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे एकाचा पिवळा जिथे काम संपवतो तिथे दुसऱ्याचा पिवळा सुरू करतो. तुमचा पॅड बोटानं दाबून बघा. चटकन दबत नसेल, हाताला खरखरीत लागत असेल, तर तो कापणाराच आहे. विकत घेताना कंपनीचा स्वतःचा तक्ता वाचा आणि शक्यतो सगळे पॅड एकाच मालिकेतले घ्या, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना अंदाज चुकत नाही.

मापाचं सोपं आहे. ५ इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड. फोम प्लेटच्या बाहेर सगळीकडून थोडा आला पाहिजे, नाहीतर एखाद्या वळणावर प्लेटची कडा रंगाला टेकते आणि तो ओरखडा पॉलिशनं निघत नाही. जाडी फार नको. जाड, गुबगुबीत फोम मशीनची हालचाल स्वतःच गिळून टाकतो. पातळ पॅडमध्ये ती रंगापर्यंत पोहोचते. १५ मिमी थ्रोला हा फरक हाताला कळतो. मध्ये भोक असलेला मिळाला तर घ्या, कारण सगळ्यात जास्त उष्णता पॅडच्या मध्यभागी साठते आणि फोम सहसा तिथूनच फाटतो.

आता किती घ्यायचे. इथे बहुतेक जण चुकतात: पाच वेगवेगळ्या कडकपणाचे पाच पॅड आणतात. माझं मत असं की मध्यम चार, मऊ तीन आणि कडक एक, तोही हाताशी असावा म्हणून. अख्ख्या गाडीचं काम एका पॅडवर होत नाही. तापलेला, पॉलिशनं चिंब झालेला पॅड कितीही महागाचा असो, तो नीट कापत नाही.

सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य जोडीनं करा. बॉनेटवर मास्किंग टेपनं ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, त्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिश चालवून बघा. पुरेसं नाही वाटलं तर तेच पॉलिश मध्यम पॅडवर. तरीही नाही तर मध्यम पॅडवर कंपाउंड. जिथे समाधान होईल तिथे थांबा, तीच जोडी बाकी गाडीला. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन. केसाहूनही पातळ थरातून आपण थोडं थोडं काढतोय, आणि उन्हापासून रंगाचं रक्षण करणारा थर तोच आहे. काढलेलं परत येत नाही.

अर्थात त्याआधी गाडी धुऊन, लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन आणि क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी) फिरवून घ्या. चिकटलेला एक कण पॅडमध्ये अडकला तर सगळं बॉनेट खरवडत नेतो.

---

गॅरेजकर

पॉलिशवाल्यांशी बराचसा सहमत, पण एक भर घालतो. आठ वर्षं जुन्या गाडीवर मऊ पॅडनं सुरुवात करून दिवस घालवण्यापेक्षा मायक्रोफायबर पॅडनं एकदाच जोरदार कट घ्यावा आणि मग फोमनं फिनिश करावं. मायक्रोफायबर फोमपेक्षा बराच झपाट्यानं कापतो. मी स्वतः बहुतेक गाड्या अशाच करतो, दोन पायऱ्यांत काम होतं.

---

पॉलिशवाला

गॅरेजकर, तुमचा हात बसलेला आहे आणि तुम्ही जाडीमापक घेऊन काम करत असणार. धागाकर्त्यांच्या गाडीवर आधी कोणी किती वेळा पॉलिश मारलंय हे ठाऊक नाही. शिवाय मऊ रंगावर मायक्रोफायबरनं येणारा धूसरपणा ते आत्ता घाबरलेत त्याहून जास्त असेल. पहिल्या गाडीसाठी फोमच.

लांबपल्ला, जाडीमापक कोणाकडून मिळाला तर जरूर लावून बघा. साधा मापक सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि तोही धातूच्या पत्र्यावरच. पण शेजारच्या भागांपेक्षा एखाद्या दाराचा आकडा एकदम कमी आला तर तिथे हात आखडता घ्यायचा हे तरी कळतं. एकदम जास्त आला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे.

---

लांबपल्ला

मनापासून आभार. मऊ आणि मध्यम पॅड आणले, चौकोन आखून चाचणी घेतली. मऊ पॅडनं चमक आली पण जाळं तसंच. मध्यम पॅड आणि तेच बारीक पॉलिश लावल्यावर जाळं जवळजवळ गेलं! धूसर कोपराही स्वच्छ झाला. कंपाउंडची गरजच पडली नाही.

पण मग उत्साहात अर्धं बॉनेट करत गेलो आणि शेवटच्या दोन चौकोनांत पुन्हा बारीक रेघा दिसायला लागल्या. पॅड तोच, पॉलिश तेच, वेग तोच. शिवाय पॉलिशच्या गुठळ्या रंगावर चिकटून बसल्या, पुसताना त्रास झाला. काय चुकलं असेल?

---

फिरतीचाक

पॅड मध्ये साफ केला होता का? मला वाटतं सगळं उत्तर तिथेच आहे.

प्रत्येक चौकोनात तुम्ही क्लिअर कोटचा भुगा काढता. तो वाळत चाललेल्या पॉलिशमध्ये मिसळून फोमच्या छिद्रांत बसतो. तीन-चार चौकोनांनंतर पॅडच्या तोंडावर एक कडक साय जमते, आणि मग रंगावर फोम फिरतच नाही, ती साय फिरते. गुठळ्या तिच्याच.

दर चौकोनानंतर मशीन मंद वेगावर ठेवून पॅडवर नायलॉनचा ब्रश धरा, भुगा उडून जातो. दाबाची हवा असेल तर आणखी चांगलं. तीन-चार चौकोन झाले, किंवा पॅड हाताला चांगलाच गरम लागला, की तो बाजूला आणि ताजा पॅड मशीनवर. चार मध्यम पॅड घ्यायला सांगितले ते यासाठीच. बाजूला ठेवलेला पॅड तोंड वर करून ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. पडला तर धुतल्याशिवाय परत लावू नका.

पॉलिशचं प्रमाणही बघा. कोरड्या नव्या पॅडवर पहिल्यांदा बोटानं पातळ थर सगळ्या तोंडावर पसरवायचा, म्हणजे कुठलाही भाग रंगावर कोरडा घासत नाही. त्यानंतर दर चौकोनाला हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. जास्त लावलं तर पॅड घसरतो, कापत नाही, आणि छिद्रं लवकर भरतात.

आणखी एक शंका: दाब. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनं एक जाड रेघ ओढा. काम करताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन जास्त दाबलं किंवा तिरकं धरलं की पॅड नुसता जागेवर थरथरतो, फिरत नाही, आणि कट जवळपास संपतो. मग माणूस आणखी दाबतो. बॉनेटच्या उतारावर हे हमखास होतं. पॅड सपाट ठेवा, मशीनच्या वजनाला हाताचा थोडासाच आधार द्या. पॉलिश पसरवायला वेग १ किंवा २, कामाला ४ ते ५. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत आधी आडवे, मग उभे. असे चार ते सहा फेरे.

आणि पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल बारीक रेघा झाकतं. पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसा, मग टॉर्च तिरका मारून बघा. चाचणीच्या चौकोनातही हे केलं होतं ना?

---

लांबपल्ला

नाही केलं. आज पुन्हा तपासलं, चौकोन अल्कोहोलनं पुसल्यावरही स्वच्छ आहे, हायसं वाटलं. पॅड मात्र एकदाही साफ केला नव्हता. आता दुसरा पॅड लावून ते दोन चौकोन पुन्हा केले आणि रेघा गेल्या. प्लेटवरची रेघही ओढली. बॉनेटच्या पुढच्या उतारावर ती खरोखर थांबत होती.

आता खिडक्यांमधले खांब, आरशाच्या आसपास आणि बंपर. मोठा पॅड तिथे मावत नाही. ३ इंची पॅड घेऊ का?

---

गॅरेजकर

घ्या, पण जपून. तेवढाच दाब लहान जागेवर पडतो, त्यामुळे लहान पॅड त्या जागी जास्त झपाट्यानं कापतो आणि तापतोही लवकर. कडक ३ इंची घेऊच नका, मध्यम आणि मऊ पुरे. कडा आणि उठावाच्या रेघांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावा आणि शेवटी टेप काढून मऊ पॅडनं एखादा हलका फेरा द्या. बंपर प्लास्टिकचा, उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, एकाच जागी साठते. तिथे वेग एक आकडा कमी आणि मधूनमधून हात लावून बघत राहा.

पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसला तर लगेच थांबा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला काळं लागता कामा नये. लागलं तर एकतर तो भाग क्लिअर कोटविना रंगवलेला आहे, नाहीतर तुम्ही क्लिअर कोटच्या पलीकडे पोहोचलात.

---

लांबपल्ला

हे लिहून ठेवलं. शेवटचं एक: पॅड धुवायचे कसे? पहिला पॅड वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा विचार होता.

---

पॉलिशवाला

हातानंच धुवा. पॉलिश वाळायच्या आत कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पॅड बुडवून ठेवा, मग तोंडावर अंगठ्यानं दाबत फेस काढा. पिळू नका, पीळ दिला की फोम वेल्क्रोपासून सुटतो. दोन तळहातांत दाबून पाणी काढा, मशीनवर लावून रिकाम्या बादलीत थोडा फिरवा आणि सावलीत फोमची बाजू खाली करून जाळीवर ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी गोंदापासून दूर निथळतं. रात्रभर तरी वाळू द्या. ओला पॅड मऊ पडतो, नीट कापत नाही आणि पॉलिश चहूकडे उडवतो.

काम संपल्यावर पॅड मशीनवर तसाच लावून ठेवू नका. प्लेटवरच्या वेल्क्रोचे बारीक हुक दबून राहतात, आणि पुढच्या वेळी पॅड मधेच निसटतो.