मांगराजवळून काळ्या मुंग्यांची रांग जाते, परतताना तोंडात वाळवी असते. या कोणत्या मुंग्या?

माडाखाली:
नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमची काजू-सुपारीची बाग आहे. पावसाने जरा उघडीप दिली की संध्याकाळी मांगराच्या जोत्याला लागून काळ्या, चकचकीत मुंग्या निघतात. एकेरी रांग नसते, तिघी-चौघी शेजारी शेजारी असतात आणि चाल भलतीच जलद. परतताना जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडात वाळवी. खोबरं ठेवलं, गूळ ठेवला, तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. सासूबाईंना एक डसली तर बोट रात्रभर ठणकत होतं. घरात लहान मूल आहे, म्हणून हे म्हणतात पावडर मारून टाकू. मारावी का? आणि बागेत एकेकटी फिरणारी मोठी राखाडी-काळी मुंगी दिसते, ती यांच्यातलीच का?

रानमुंगी:
ताई, कृपा करून पावडर मारू नका. आधी या कोण आहेत ते सांगतो.

वाळवीवर टोळीने धाड घालणारी, गुळाला न भुलणारी, चकचकीत काळी मुंगी म्हणजे लेप्टोजेनिस. तुमच्या वर्णनाशी लेप्टोजेनिस प्रोसेशनालिस अगदी जुळते. जर्डन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 1851 मध्ये दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली, त्यात तिचं नाव पहिल्यांदा आलं. मिरवणुकीने चालते म्हणून प्रोसेशनालिस. आधी काही मुंग्या वाळवीचा माग काढतात, येताना जमिनीवर गंधाची रेघ सोडतात आणि त्या रेघेवरून बाकीच्या धावत सुटतात. ही वाट पुढे झाडासारखी फांद्या फुटत जाते. ती अशीच का फुटते, या प्रश्नावर बंगळुरूच्या गणेशय्या आणि वीणा यांचा 1991 चा शोधनिबंध आहे. तुम्हीही एकदा कंदील घेऊन जोत्यापासून वारुळापर्यंत त्या वाटेच्या बाजूने चालत जा. मूळ वाट कुठे आणि फाटे कुठे, ते सहज दिसेल.

एकटीने वाळवीच्या भुयारात शिरणं धोक्याचं असतं, तिथे सैनिक वाळवी दार अडवून उभी असते. म्हणून या सगळ्या मिळून जातात. नांगीने डसून वाळवी निपचित पाडायची आणि उचलून आणायची. सासूबाईंना लागली ती हीच नांगी, चावा नव्हे. बोट साबणाने धुवून गार पाण्याची पट्टी ठेवली की सहसा पुरतं. पण डसल्यावर कुणाला धाप लागली, ओठ-चेहरा सुजला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा.

एकेकटी फिरणारी ती वेगळी. अंगावर बारीक रेघा आणि राखाडी झाक असेल तर डायकामा. हिच्या वसाहतीत राणी जन्मतच नाही. प्रत्येक कामकरीण कोशातून बाहेर येते तेव्हा तिच्या छातीवर पंखांच्या जागी दोन इवलेसे कोंब असतात. अंडी घालणारी जी एक असते, ती नव्याने आलेल्या प्रत्येकीचे कोंब कुरतडून टाकते. कोंब गेले की ती मुंगी जन्मभर नराशी मीलन करत नाही. सत्ता कुणाकडे राहणार हे अंगावरच्या त्या दोन ठिपक्यांवर ठरतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो होतो. हिच्या बिळाच्या तोंडाशी पिसं आणि मेलेल्या मुंग्या रचलेल्या दिसतील. तो केर समजून झाडू नका. कोरड्या दिवसांत पहाटेचं दव त्यांवर जमतं आणि मुंग्या ते पितात.

सह्यकडा:
या आर्मी अँट्सच ना? टीव्हीवर अशाच दिसतात.

रानमुंगी:
नाही. टीव्हीवरच्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या एसिटॉन असतात. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर श्नायर्ला या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकापासून त्यांचा माग काढला. एसिटॉन बर्चेली सुमारे 15 दिवस रोज मुक्काम हलवते, मग सुमारे 20 दिवस एका जागी थांबते. या चक्राचा सांधा पिल्लांशी आहे. अळ्या खादाड असतात तेव्हा फिरायचं, त्या कोशात गेल्या की थांबायचं. तिला बांधलेलं घरच नाही. लाखो मुंग्या एकमेकींचे पाय धरून लोंबतात आणि त्या गोळ्यात राणी व पिल्लं राहतात. लेप्टोजेनिसचं तसं नाही, तिचं जमिनीत घर असतं. आपल्याकडची त्या जातकुळीतली मुंगी म्हणजे एनिक्टस. अगदी बारीक, कामकरणीला डोळेच नाहीत, आणि ती मुख्यतः दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं लुटते.

पश्चिम घाटात याच्या अगदी उलट टोकाची शिकारीही आहे, हार्पेग्नॅथोस साल्टेटर. तिचं नावही जर्डनच्याच यादीतलं. टपोरे डोळे, लांब चिमट्यासारखे जबडे. भक्ष्य नजरेने हेरते, एकटीच उडी मारून पकडते. राणी मेली की कामकरणींमध्ये मिशांनी झुंज सुरू होते, कित्येक दिवस चालते आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. साधी कामकरीण सुमारे सात महिने जगते, अशी जिंकलेली तीन-चार वर्षं. तिचा मेंदूही जवळपास पाचव्या हिश्श्याने आकसतो, कारण आता शिकारीला जायचं नसतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मुंग्यांना पुन्हा कामकरीण व्हायला भाग पाडलं, तर मेंदू परत वाढला!

सत्तरीकर:
काजूवरच्या हुमल्यांबद्दलही लिहा. आमच्या वाडीत लोक घरटी जाळतात.

रानमुंगी:
जाळू नयेत. हुमले, म्हणजे इकोफिला, अळ्यांच्या रेशमाने पानं शिवतात आणि ढेकण्यासकट झाडावरचे बरेच किडे मारतात. चीनमध्ये संत्र्याच्या बागांत त्यांचा वापर इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून नोंदलेला आहे. तोटाही सांगतो. गोड द्रव देणाऱ्या पिठ्या ढेकणांना ते राखतात, आणि काजू काढताना चावतात. काढणीच्या फांदीवरचं घरटं तेवढं आदल्या दिवशी कापून दुसऱ्या झाडावर ठेवावं, बाकी राहू द्यावीत.

माडाखाली:
पावडर रद्द. पण मूल त्याच बाजूला खेळतं, त्याचं काय करू?

रानमुंगी:
रांगेची वेळ संध्याकाळची आहे, तेवढा वेळ त्याला पुढच्या अंगणात ठेवा. जोत्यालगतचा पालापाचोळा आणि कुजकी लाकडं हलवा. तिथली वाळवी गेली की रांगही बहुधा बाग धरेल. मात्र वाळवी मुळासकट संपवण्याचं काम या मुंग्यांवर सोडू नका. त्या वरवरची उचलतात, वारुळातली राणी खोल असते. मांगराच्या वाशांना वाळवी लागली असेल तर ती वेगळी बघावी लागेल. वाशांवर मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहून इथे कळवा.