मदत हवी आहे: कुत्र्याच्या जमिनीखालच्या कुंपणासाठी कोणती वायर?

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) दिसणारं कुंपण घालू देत नाही, म्हणून लॅब्रॅडॉरसाठी जमिनीखालून वायर टाकलेली आहे (ट्रान्समीटर तिच्यातून सिग्नल सोडतो, कुत्रा जवळ गेला की गळ्यातली कॉलर इशारा किंवा शॉक देते). एक एकर जागा, लूप साधारण ८५० फूट. किटमधली २० गेजची वायर हिवाळा सरला की कुठेतरी तुटतेच. माती चिकण, गोठते-वितळते तशी वायर ओढली जाते. तुटलेली जागा शोधून जेलवाल्या कनेक्टरने जोडायची, की थोड्या दिवसांनी दुसरीकडे बोंब! परवा उकरलेल्या तुकड्याचं आवरण तडकलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. आता ठिगळं पुरे, सगळी नवीच टाकणार.

१४ गेज (आकडा लहान, म्हणजे वायर जाड), सॉलिड तांबं, पॉलिथिलीनचं जाड आवरण असा विचार आहे. घरातल्या वायरिंगची टीएचएचएन स्वस्त पडते, पण ती थेट मातीत पुरायची नव्हेच. ८११ ला (खोदण्याआधी कळवायचा फोन नंबर) कळवून गॅस-विजेच्या लाइन आखून घेतल्यात. कॉलरची बॅटरी तपासली आहे, ट्रान्समीटरही ठीक आहे. (पट्टा-प्रशिक्षण झालंय, शॉक द्यावा की नाही हा वाद इथे नको.)

अडलंय ते दोन ठिकाणी. हजार फुटांना २० गेजचा रोध सुमारे १० ओहम, १४ चा जेमतेम अडीच. पुस्तिकेत फक्त २० गेजचा उल्लेख आहे. मग एवढ्या कमी रोधावर सिग्नल वायरपासून किती लांब पोचतो ते बदलतं का? आणि ड्राइव्हवेच्या डांबरात खाच पाडून सील केलेली जुनी वायर शाबूत आहे. ती तशीच ठेवून दोन्ही बाजूंना १४ गेज जोडली तर चालेल, की तिथेही नवीच टाकावी?