चोरी कुठंही होऊ दे, पोलीस पारधी वस्तीवरच का?

निपाणीकर: गावात घरफोडी झाली की पहिली जीप पारधी वस्तीवर, पुरावा काय नसतोय तरी पोरं उचलून नेतात. हे थांबवायला कायद्यात काय आहे काय?

वकीलताई_खानापूर: आहे की. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्येच गेला, पण ठाण्यातल्या डोक्यातनं गेला नाही, याचा राग येतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेलमधली जातीवरची कामवाटणी रद्द केली, त्याच निकालात विमुक्त जमातींना, म्हणजे त्या कायद्यातनं सुटलेल्यांना, मनमानी अटक नको असंही पोलिसांना बजावलंय.

चिकोडीचा_पोरगा: तिथल्या तिथं अटकेचं कारण विचारा, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही बघा, कन्नड कळत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा नको. २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच लागतंय. १५१०० या सरकारी कायदा-मदतीच्या नंबरला फोन लावा, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो.

निपाणीकर: नंबर वस्तीवर देतो. पण अटक न दाखवता नुसतं चौकशीला म्हणून रात्रभर बसवून ठेवलं तर?

वकीलताई_खानापूर: कधी नेलं, कुणी नेलं, वेळ लिहून ठेवा, एसपींना अर्ज द्या. तरी सोडलं नाही तर धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे धरून ठेवलेला माणूस कोर्टापुढं हजर करा असा अर्ज.