पापाचं प्रायश्चित्त म्हणून लांडगा झालेल्यांना माफी द्यायची का?

सुतारदरा

आम्ही सहा जण गेले आठ महिने दर शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राकडे फाशांचा खेळ खेळतो. पटावरचा नाही, गोष्टीचा. प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट पुढे नेणारी मी. गेल्या शनिवारी त्यावरून खरंखुरं भांडण झालं. रात्री दीडला एक जण चहाचा कप तसाच ठेवून निघून गेला, आणि ग्रुपवर अजून त्याचा शब्द नाही. म्हणून इथे विचारतेय.

माझ्या गोष्टीत एक कडवा पंथ आहे. खून, विश्वासघात, लेकराला टाकून पळणं असली पापं केलेली माणसं स्वतःहून लांडग्याचं कातडं अंगावर घेतात आणि लांडगे होतात. शंभर पाप्यांना मारलं की कातडं गळून पडतं आणि आपण सुटतो, ही त्यांची श्रद्धा. प्रत्येकाजवळ एक काठी, एका शिकारीला एक खाच. शनिवारी त्यातला एक म्हातारा, नव्व्याण्णव खाचांचा, खेळाडूंच्या शेकोटीपाशी आला आणि माणसाच्या आवाजात म्हणाला, "घाबरू नका. माझी बायको पलीकडे झाडाखाली शेवटच्या घटका मोजतेय. तुमच्यात पाद्री आहे ना, तिला प्रसाद द्यायला चला." पाद्र्याचं पात्र ज्याचं, त्याने फासे खाली ठेवले. म्हणाला, "मी नाही जाणार." तिथून पेटलं.

हा प्रसंग मी हवेतून काढलेला नाही. वेल्सच्या जेराल्ड नावाच्या धर्मगुरूने 12व्या शतकाच्या शेवटी आयर्लंडचं वर्णन लिहिलं, त्यात तो आहे. अल्स्टरहून मीथकडे निघालेला एक पाद्री रात्री रानात शेकोटी करून बसलेला असतो. लांडगा येतो, बोलतो. सांगतो, आम्ही ऑसरीचे. नाटालिस नावाच्या मठाधिपतीचा आम्हाला शाप आहे. दर सात वर्षांनी एक पुरुष आणि एक बाई लांडगा होऊन गावाबाहेर पडतात. सात वर्षं तगले तर परत माणसांत, आणि त्यांच्या जागी दुसरी जोडी. पाद्री तिच्यापाशी जातो, पण जनावराच्या तोंडात प्रसाद घालायला कचरतो. तेव्हा तो लांडगा पंजाने तिचं कातडं डोक्यापासून बेंबीपर्यंत सोलून खाली करतो. आत म्हातारी बाई असते. पाद्री प्रसाद देतो, आणि कातडं पुन्हा होतं तसं बसतं. पुढे हे प्रकरण मीथच्या बिशपने भरवलेल्या सभेपुढे गेलं आणि त्या पाद्र्याला कागदपत्रांसह पोपकडे धाडलं, असं जेराल्ड लिहितो.

पण ऑसरीची जोडी शिक्षा भोगत होती. माझा पंथ ती दुसऱ्याला देतो. म्हणून माझं मत, पाद्र्याने जाऊ नये. आपल्याकडे वाल्ह्याला वाल्या कोळ्याचे सात रांजण दाखवतात. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले. घरच्यांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला तेव्हा त्याचे डोळे उघडले, आणि मग तो एका जागी इतका बसला की अंगावर वारूळ चढलं. आठवा रांजण त्याने मांडला नाही. हे लोक मात्र पश्चात्तापाच्या नावाखाली खडेच टाकतायत.

पेठेतला वाचक

ताई, प्रसंग सुरेख, पण निकाल पटला नाही. पाद्र्याला बोलावलं होतं बाईसाठी. तिच्या काठीवर किती खाचा होत्या ते कुणी पाहिलं का? नवऱ्याची काठी बघून बायकोला नाकारायचं, हा कुठला न्याय?

आणि अंगुलिमाल कसा विसरता? माणसं मारून बोटांची माळ गळ्यात घालणारा. बुद्धाने त्याला आधी हिशेब दे मग ये, असं म्हटलं नाही. शस्त्र घेऊन मागे धावणाऱ्यालाच सांगितलं, मी थांबलोय, तू थांब. आणि त्याच भेटीत त्याला भिक्खू करून घेतलं. दार आधी उघडतं, माणूस त्यानंतर बदलतो.

सुतारदरा

बाईच्या काठीचं बोललात ते लागलं मला. खरंच, कुणीच विचारलं नव्हतं.

अंगुलिमालाचं मात्र अर्धंच सांगितलंत. दीक्षेआधी त्याने तलवार आणि हत्यारं दरीत फेकली. नंतर भिक्षेला गेला तर लोकांनी दगड, काठ्या मारल्या. डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. तसा रक्ताळलेला परत आला तेव्हा बुद्ध म्हणाले, सोस, ज्या कर्मासाठी नरकात हजारो वर्षं भाजला असतास त्याचं फळ तू इथेच भोगतोयस. त्याने उलट दगड उचलला नाही. शिवाय विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे की त्याला पाहून लोक घाबरून पळायला लागले, तक्रारी झाल्या, आणि नामचीन दरोडेखोराला यापुढे दीक्षा देऊ नये असा नियम बुद्धांना करावा लागला. म्हणजे दार उघडलं, पण गावाच्या भीतीलाही किंमत दिली.

शनिवारवाडा_मागे

दोघेही पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त एकच धरून चालला आहात. पश्चात्ताप मनात होतो. प्रायश्चित्त करावं लागतं, आणि ते आपलं आपण ठरवायचं नसतं. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड, आपल्या भांडारकर संस्थेनेच काढलेला, पातक, प्रायश्चित्त आणि कर्मविपाक (केल्या कर्माचं पुढे मिळणारं फळ) यांवर आहे. पाप्याने परिषदेपुढे जावं, केलेलं कबूल करावं, आणि जाणत्यांनी सांगितलेलं व्रत करावं, ही रीत. मनुस्मृतीत ब्रह्महत्येला 12 वर्षं रानात झोपडीत राहणं आहे, कवटी जवळ बाळगून, भीक मागून. कवटी लपवायची नाही, मिरवायचीही नाही. लोकांनी बघून ओळखावं म्हणून ती आहे. (पापाची किंमत जातीवर ठरवणारं ते शास्त्र मला आज मान्य नाही, हे स्पष्ट लिहितो. पण प्रायश्चित्ताची घडण समजून घेण्यासारखी आहे.) त्याच ग्रंथात, बाराव्या अध्यायात, हरीण किंवा हत्ती चोरणारा पुढच्या जन्मी लांडगा होतो असंही आहे. तिथेही लांडगा होणं हे फळ आहे, अधिकार नाही.

तुमच्या पंथात परिषद कुठेय? पापी तेच, न्यायाधीश तेच, मारेकरी तेच. शंभर हा आकडा तरी कुणी दिला?

औंधहून

असा पंथ खरोखर होऊन गेलाय. लांडगे नव्हते, माणसंच होती. 1349 साली, प्लेगच्या दिवसांत, स्वतःला चाबकाने फोडत गावोगाव फिरणारे जथे युरोपात निघाले. ख्रिस्ताच्या आयुष्याचं एकेक वर्ष म्हणजे एकेक दिवस, असे साडेतेहतीस दिवस. रोज चव्हाट्यावर, रक्त येईपर्यंत. सुरुवातीला लोक रडायचे त्यांना बघून. पुढे यातल्या काहींचे हात ज्यूंच्या कत्तलीत रंगले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप सहावा क्लेमेंट याने त्यांच्यावर बंदी घातली. स्वतःच्या पाठीवरचा चाबूक दुसऱ्याच्या पाठीवर जायला वर्षही लागलं नाही. मला या पंथाची कीव येत नाही, भीती वाटते. सुतारदरांशी सहमत.

नगररोड

मी पंथाच्या बाजूने लिहितो, कारण कुणीच लिहीत नाहीये.

लिवोनियात, म्हणजे आजच्या लॅटव्हियाच्या भागात, 1691 साली थीस नावाचा ऐंशी पार केलेला शेतकरी दुसऱ्याच एका चोरीच्या खटल्यात साक्षीला आला आणि त्याने सरळ सांगितलं, हो, मी नरलांडगा आहे. म्हणाला, आम्ही देवाचे कुत्रे आहोत. वर्षातून ठरावीक रात्री आम्ही नरकात उतरतो, चेटक्यांनी पळवलेलं धान्याचं पीक लढून परत आणतो. माझं नाक तिथेच झाडूच्या दांड्याने फुटलं. पाद्री वारंवार म्हणत होता, पश्चात्ताप कर. थीस म्हणाला, कशाचा? शेवटी 1692 मध्ये त्याला फटके आणि हद्दपारी. बाहेरून जो धर्मवेडा दिसतो तो आतून गावाचं पीक राखत असेल, ही शक्यता तुम्ही कुणी धरलीच नाही. आपल्याकडे जेजुरीचे वाघ्ये नाहीत का? खंडोबाचे कुत्रे होऊन भुंकतात, कोटंब्यातून खातात. त्यांना कुणी वेडे म्हणेल?

जेजुरीवाट

दादा, वाघ्याला यात ओढू नका. माझ्या आजोळच्या घरात वाघ्या होता, म्हणून राहवत नाही. वाघ्या होतात ते नवसाने. मूल जगावं म्हणून आई बोलते, आणि मूल देवाला वाहते. त्यात पाप धुणं नाही, शिकार नाही. वारी मागतात, भंडारा लावतात, जागरण घालतात. देवाचा कुत्रा होण्यात दाराशी बसणं आहे. आजोबांचा कोटंबा मी हातात धरलाय, चौकोनी, लाकडी, भंडाऱ्याने पिवळाधमक. त्याची तुलना खाचांच्या काठीशी कशी होईल?

नगररोड

तुलना चुकली, मान्य. माफ करा. थीसचा मुद्दा मात्र सोडत नाही.

शनिवारवाडा_मागे

थीस नेमका तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. तो पश्चात्तापी नव्हताच. आणि तो नरकात जाऊन चेटक्यांशी लढायचा, शेजाऱ्याच्या दारात जाऊन नव्हे.

माळरान

एक विनंती सगळ्यांना. पापाला लांडग्याचंच कातडं का? मी सुट्टीच्या दिवशी सासवडच्या पुढच्या माळांवर लांडगे बघायला जातो. या जानेवारीत पहाटे एक मादी ओढ्याच्या काठाने आली. अंगाने लहानखुरी, गवताच्याच रंगाची, आमच्याकडे एकदा बघितलं आणि पिल्लांपाशी जाऊन पोटातलं मांस ओकून त्यांना भरवलं. मी दुर्बीण खाली ठेवू शकलो नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. पण त्याचा माळ सरकारदरबारी 'पडीक' म्हणून लागतो आणि प्लॉटिंगला जातो. मोकाट कुत्री वाढलीत, आणि पुण्याजवळच्या माळावर कुत्रा आणि लांडगा यांच्या संकराचा जनुकीय पुरावाही मिळालाय. अर्धा लांडगा बघायचाच असेल तर तो हा आहे, आणि त्यात पाप असलंच तर त्याचं नाही. गोष्टीत दुसरं कातडं घ्या, ताई.

सुतारदरा

तुमचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. कातडं आता बदलता येणार नाही, आठ महिन्यांची गोष्ट आहे. पण पुढच्या भागात खरा लांडगा आणते. या पंथाला त्याच्याकडे बघावं लागेल.

दुसरी_पाळी

मला या मे महिन्यात दारू सोडून सात वर्षं होतील. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो, मराठी ग्रुप आहे आमचा. तुम्ही 'कडवे' म्हणता ना, पहिल्या वर्षी मी तसाच होतो. दिवस मोजायचो. घरात खोकल्याचं औषधही ठेवू द्यायचो नाही. भावाच्या लग्नाला गेलो नाही. लोकांना धर्मवेड वाटलं, पण त्या कडवेपणाने मला जिवंत ठेवलं. त्यामुळे काठीवर मोजणाऱ्याला मी हसणार नाही. ज्याला स्वतःचा भरवसा नसतो त्याला मोजावंच लागतं.

पण आमच्या आठव्या पायरीत यादी करायची असते, आपण कुणाकुणाला दुखावलं त्यांची. नवव्या पायरीत त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, मात्र त्याने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर नाही. माझ्या यादीत एकवीस नावं होती. एका बाईंकडे मी गेलोच नाही, कारण माझं तोंड बघणं हीच त्यांना इजा होती. तुमच्या म्हाताऱ्याच्या काठीवर नव्व्याण्णव परकी माणसं आहेत. त्याने ज्याचं वाटोळं केलं, तो पहिला माणूस कुठेय?

तरी पाद्र्याने जावं. मरणाऱ्यापाशी जायला अट घालू नये.

चहा_राहिला

निघून गेलेला तो मीच. चार दिवस वाचतोय, आज लिहितो.

माझ्या एका काकांच्या हातून एक माणूस गेला होता, गाडी चालवताना. सुटले. त्यानंतर ते फार कडक झाले. उपास, पहाटेची आंघोळ, मौनाचे वार. तिथवर ठीक होतं. मग ते आमचे दोष काढायला लागले. चुलत बहिणीला कॉलेजातून उशीर झाला तर उंबऱ्यावर उभी करून तिला सगळ्यांपुढे कबुली द्यायला लावायचे. आम्ही पोरं त्यांच्या चपलांचा आवाज आला की गप्प व्हायचो. ते जाईपर्यंत त्या घरात त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा आम्ही भोगली. त्या मेलेल्या माणसाच्या घरी ते एकदाही गेले नाहीत. म्हणून शनिवारी त्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकून माझा हात फाशांवरून निघाला. बाई माझ्या डोक्यातच आली नाही, हे मात्र इथे वाचून कळलं.

शनिवारी येतो. पाद्री झाडाखाली जाईल. पण आधी म्हाताऱ्याने काठी शेकोटीत घालायची.

दुसरी_पाळी

भाऊ, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. तरी सांगतो, काठीची अट म्हाताऱ्याला घाला, बाईच्या मरणाला नको. तो काठी सोडायला रात्रभर घेईल. तिच्याजवळ तेवढा वेळ नाही.

चहा_राहिला

आणि आम्ही झाडाखाली असताना त्याने शंभरावी खाच मारली तर? शेकोटीपाशी आमचे चार जण झोपलेले असतात.

सुतारदरा

ये रे तू. नेहमीसारखं आठला. हे तुम्ही दोघं बोललात ते मी लिहून घेतलंय, दुसरी पाळी काका. शेकोटीपाशी पहाऱ्याला कोण थांबणार, तिथूनच सुरू करू.