संगीतचा डीजे आणि आजीची गोधडी (आमचा फॅमिली ग्रुप)

बंटी: ताईच्या संगीतसाठी मॅशअप केलाय, म्हणजे वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे एकमेकांवर बसवलेत, दीड मिनिटाचा. हेडफोन लावून ऐका.

सुमाआत्या: ऐकला. अरे, सनईवर इंग्रजी बडबड? व्याही समोर बसलेले असतील रे.

नानाकाका: लय मात्र कुठे सुटली नाही हं. मांडीवर ठेका धरून पाहिला.

दादा (पिट्सबर्ग): बंट्या, खरं सांग, गर्ल टॉक ऐकतोयस ना?

बंटी: 😅

सुमाआत्या: ही कोण आणि?

दादा: ही नाही, तो! मॅशअप करणारा ग्रेग गिलिस, ‘गर्ल टॉक’ हे त्याचं स्टेजवरचं नाव. अमेरिकेतल्या आमच्या पिट्सबर्गचाच. मी इथे शिकायला आलो तेव्हा त्याच्या शोला गेलो होतो. थोड्याच वेळात स्टेजवर इतकी पोरं चढली की हा दिसेचना. टेबलावर फक्त लॅपटॉप, त्याला डब्यावर गुंडाळतो तसलं पारदर्शक प्लास्टिक. का, तर हा इतका नाचतो की घामाने लॅपटॉपच जायचा. वरून टॉयलेट पेपरच्या पट्ट्या उडतायत. माझा एक बूट त्या गर्दीत गेला तो गेलाच.

नानाकाका: पण वाजवतो काय? बटण दाबून उड्या मारायला आपल्या मांडववाल्यालाही येतं.

दादा: नाही काका, नुसती सीडी लावल्यासारखं नसतं ते. कुणाचे ड्रम, कुणाची गिटार, कुणाचा आवाज, असे शेकडो तुकडे आधी कापून लयीत बसवलेले असतात. शोमध्ये ऑडिओमल्च नावाच्या सॉफ्टवेअरवर माउसने एकेक चालू-बंद करत जातो. चुकला तर सगळ्यांसमोर चुकतो. २०१० च्या ‘ऑल डे’ अल्बममध्ये ७१ मिनिटांत ३७२ तुकडे आहेत. म्हणजे सरासरी ११-१२ सेकंदांना एक नवीन. सुरुवातच ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या गिटारवर लुडाक्रिस या रॅपरचं रॅप!

नानाकाका: आत्ता कळलं. रॅपला सुराचं बंधन फारसं नाही, म्हणून कुठल्याही सुरावर बसतं. आमच्या पढंतीसारखं, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो तसं. बोल तालात आले की खाली लेहरा, म्हणजे फिरून फिरून वाजणारी धून, कुठलाही चालतो. बंट्या, तुझी सनई मात्र दुसऱ्या कडव्याला अर्धा सूर चढलीय, ती उतरव.

बंटी: हो काका 🙏

आजी (सुमा लिहितेय): म्हणजे गोधडीच की. पण गोधडीला चिंध्या आपल्याच लुगड्यांच्या असतात. शेजारणीच्या दोरीवरून ओढून आणत नाहीत.

वकीलकाका: आईने मुद्द्याला हात घातला. परवानगी घेतली होती का त्याने?

दादा: नाही. त्याचं म्हणणं, मी मूळ गाण्याचं वेगळंच काही करतो, म्हणून हा ‘फेअर यूज’, म्हणजे काही वेळा परवानगीशिवाय वापरायची अमेरिकी कायद्यातली सूट. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचं नावच ‘इलीगल आर्ट’ आणि ‘ऑल डे’ फुकट वाटला. उलट शहराने ७ डिसेंबर २०१० हा दिवस त्याच्या नावाने जाहीर केला.

वकीलकाका: सत्कार झाला म्हणून कायदा बदलत नाही.

दादा: ते खरं. आजीचंही खरं. १९६९ च्या एका गाण्यातले ड्रमचे जेमतेम सहा-सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत वापरले गेले. तो ड्रमर, ग्रेगरी कोलमन, २००६ मध्ये गेला. त्याला त्यातून काही मिळालं नाही. पुढे २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्याच बँडच्या रिचर्ड स्पेन्सरना २४,००० पौंड दिले.

आजी (सुमा): बघा. वर्गणी काढावी लागली.

नानाकाका: आई, तुझ्या भजनी मंडळात गवळण सिनेमाच्या चालीवर म्हणता, तेव्हा कुणाला विचारता गं?

आजी (सुमा): ती देवासाठी असते.

(आई हसतेय, पण फोन माझ्याकडून ओढून घेतला होता. — सुमा)

सुमाआत्या: बरं, पुरे. हॉलवाल्याने दहानंतर स्पीकर बंद सांगितलाय. बंटीचं ते साडेनऊच्या आत, आणि सनई सुरात.

आजी (सुमा): त्या घामवाल्या मुलाचं शिक्षण किती?

दादा: बायोमेडिकल इंजिनिअर आहे आजी. नोकरी करायचा, शनिवार-रविवारी गावोगाव शो. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. २००७ मध्ये नोकरी सोडली.

आजी (सुमा): अगं बाई!

नानाकाका: बंट्या, तुझ्या पाचव्या सेमिस्टरचा निकाल कधी लागला म्हणालास?

बंटी: 🚫 हा मेसेज डिलीट केला गेला