मुलींच्या कबड्डी संघाशी प्रशिक्षकाने कसे बोलावे?

मैदानवेडा (प्रश्न)

आमच्या मंडळाचा मुलींचा संघ यंदा प्रथमच कुमारी गटातून जिल्हा निवड चाचणीत उतरणार असून, आजवर केवळ मुलांना शिकवलेल्या आम्हा दोघा प्रशिक्षकांकडे त्यांची तयारी सोपवण्यात आली आहे. सराव सुरू होताच पालकांत दोन तट पडले. आरडाओरडा झाल्याशिवाय खेळाडू घडत नाही असे काहींचे म्हणणे आहे, तर काहींना आपल्या मुलीशी कोणी चढ्या आवाजात बोललेले मुळीच खपत नाही. माझ्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग असा, की सर्वांना 'बाळा' म्हणायचे आणि चुका शक्यतो दाखवायच्याच नाहीत. मला तोही पटत नाही. शिवाय गटाला वजनमर्यादा असल्याने मुलींना काट्यावर उभे करावेच लागते आणि त्या वेळी नेमके काय बोलावे, हे सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डावा कोपरा

सर, चढ्या आवाजाचा फार बाऊ करू नका. तीस सेकंदांच्या टाइम-आउटमध्ये, प्रेक्षकांच्या गोंगाटात सात जणींपर्यंत पोचायचे तर ओरडावेच लागते आणि ते खेळाडूंना समजते. त्या ओरडण्यातून मुलीच्या हाती काय लागते, एवढेच तपासावे. 'डोकं घरी ठेवून आलीस का?' या वाक्याने कोपऱ्यातल्या मुलीला पुढच्या चढाईसाठी काहीही मिळत नाही. 'चढाई करणारीने बोनस गुणासाठी पाय टाकला की मगच घोट्यावर जा, तोवर शेजारणीच्या हाताची साखळी सोडू नकोस' हे मात्र ती लगेच करून पाहू शकते. मी खेळत असताना पहिल्या प्रकारची वाक्येच अधिक ऐकली, आणि ती ऐकलेल्या मुली पकडीला पुढे जाणेच सोडून देत, कारण न गेल्यास निदान कोणी बोलत नसे.

सहकाऱ्यांच्या गोडव्याबद्दल माझे मत जरा कडक आहे. मुलांची घोटा पकड चुकली तर ती दहादा करून घ्यायची आणि मुलींची चुकली तर 'असू दे बाळा' म्हणायचे, याचा अर्थ मुलींकडून आपली फारशी अपेक्षाच नाही. त्यांना ते बरोबर कळते. नावाने हाक मारावी. शेजारच्या मैदानावरील मुलांचे दाखले देऊ नयेत आणि 'पोरीसारखी काय पळतेस' हे वाक्य तर मुलांच्या संघातही नको.

नाशिकच्या शैलजा जैन यांचे उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्यावर खेळाडूंशी थेट बोलता यावे म्हणून त्या फारसी शिकल्या. त्याच संघाने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. आपल्याला तर मुलींशी मराठीतच बोलायचे आहे!

क्रीडाशिक्षिका

वजनाविषयी लिहिते, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. काटा बंद खोलीत ठेवावा, नोंद महिला व्यवस्थापकाने करावी आणि आकडा मोठ्याने वाचू नये. मर्यादेच्या काठावर असलेल्या मुलीशी, तिच्या पालकांसमक्ष, स्पर्धेच्या पुष्कळ आधी बोलावे. आदल्या दिवशी पाणी तोडण्याचा सल्ला कदापि देऊ नये. वाढत्या वयात खेळाच्या मानाने अन्न कमी पडत राहिले तर पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. वजन मर्यादेत बसतच नसेल, तर तिला अधिक वजनमर्यादेच्या महिला गटासाठी तयार करणे अधिक योग्य.

एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे कौतुक. 'वा, छान बारीक झालीस' असे एकीला म्हटले, की बाकीच्या जणी त्याच संध्याकाळी भाकरी कमी करतात. कौतुक दमाचे, पकडीचे, वेळेवर येण्याचे करावे.

जुना गडी

इतके मोजूनमापून बोलायचे, तर शिकवायचे कधी? आमचे वस्ताद शिव्या देत असत, तरी आम्ही राज्यापर्यंत खेळलो.

डावा कोपरा

दादा, आपण टिकलात म्हणून आज हे लिहीत आहात; जे मधूनच निघून गेले, ते इथे लिहायला आलेले नाहीत. मुलींच्या बाबतीत तर घरचे निमित्तच शोधत असतात. सर अपमान करतात हे कानावर गेले, की दुसऱ्या दिवसापासून सराव बंद.

क्रीडाशिक्षिका

आणखी एक. निरोप पालक आणि महिला व्यवस्थापक असलेल्या गटावरच टाकावेत; एकट्या मुलीला रात्री संदेश पाठवू नयेत, हेतू कितीही चांगला असला तरी. अठरा वर्षांखालील मुलीला उद्देशून लैंगिक हेतूने काढलेले शब्दही 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा ठरतात. एखादीने असे काही सांगितले, तर 'आपल्यातच ठेवू' असे वचन तिला देऊ नये, कारण ते पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

मैदानवेडा

सर्वांचे आभार. काट्याची व्यवस्था या आठवड्यातच बदलतो. सामना हरल्यावर मात्र काय बोलावे?

डावा कोपरा

त्या वेळी जवळजवळ काहीच नाही. पाणी, दुखापतींची चौकशी आणि उद्याच्या सरावाची वेळ, एवढे पुरे. लोण कुठे बसला, म्हणजे सगळा संघ कधी बाद झाला, आणि शेवटच्या चढाया कोणी करायला हव्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी मैदानावर उभे राहून आधी मुलींनाच विचारावे.